जेवण टेबलावर, हिशेबही टेबलावर

हॉटेलात जेवण आटोपले, की बडीशेपेबरोबर बिल येई आणि वेटर ग्राहकाचे कार्ड घेऊन गल्ल्याकडे जाई. नजरेआड गेलेल्या कार्डाच्या चुंबकीय पट्टीवरील माहिती चोरून बनावट कार्ड तयार करणे भामट्यांना शक्य होते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ डिसेंबर २०१३ पासून डेबिट कार्डाने बिल चुकते करताना पिन बंधनकारक झाला. पिन ग्राहकानेच दाबायचा असल्याने बिनतारी यंत्र टेबलापर्यंत येणे सोयीचे ठरले.

२०१६ मध्ये ‘यूपीआय’ आले आणि पुढे क्यूआर कोड टेबलावर विराजमान झाला. मागणी नोंदविण्याच्या कोडमध्ये टेबलाचा क्रमांक दडलेला असतो. त्यामुळे मोबाइलवर निवडलेला पदार्थ त्या क्रमांकासह थेट स्वयंपाकघरात पोहोचतो.

पैसे देण्याचा कोड दोन प्रकारचा असतो. प्रत्येक बिलासाठी नव्याने तयार होणाऱ्या कोडमध्ये रक्कम आधीच भरलेली असते. कायमस्वरूपी चिकटवलेल्या कोडमध्ये ती ग्राहकाने भरायची असते. अशा कोडवर दुसराच कोड चिकटवून फसवणूक होऊ शकते. म्हणून पिन देण्यापूर्वी पडद्यावरील नाव हॉटेलचेच आहे ना, हे विचारून घ्यावे.

बिलातील ‘सेवा शुल्क’ही तपासावे. ते परस्पर आकारण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली.

व्यवहार आता डोळ्यांदेखत होतो. मात्र डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाचीच आहे.