वाणसामानाची यादी आणि अरबी पाट्या

मंडळी, घरभाडं गेलं, शाळेची फी आणि बस गेली, गाडीचा हप्ता गेला, गावाकडे पाठवायचे ते पाठवून झाले की पगारातला एकच खर्च आपल्या हातात उरतो, तो वाणसामानाचा. भाडं आपण कमी करू शकत नाही, फी तर नाहीच नाही. मग कात्री लागते ती स्वयंपाकघराला. लागू दे, तक्रार नाही. पण ती नेमकी कुठे लागते ते जरा बघा. आधी मासळी कमी होते, मग फळं, मग पालेभाजी. भात, बटाटा, तेल आणि साखर मात्र जागच्या जागी. बिल उतरतं खरं, पण चाळिशीच्या आतबाहेर रक्तातली साखर आणि रक्तदाब चढलेली माणसं आपल्यातच किती आहेत, ते एकदा आठवून पाहा. औषधाच्या दुकानात ते पैसे व्याजासकट परत जातात.

म्हणून आधी थोडा हिशोब, तोही साध्या बेरीज-गुणाकाराचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. महिन्याचे झाले ८०० ग्रॅमच्या आसपास. चौघांच्या घराला सगळं मिळून साडेतीन लिटर, आणि त्यात तूप-लोणीही आलं. आता पाच लिटरचा डबा उघडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनाने तारीख लिहा. तो सहा आठवडे पुरला तर ठीक. तीन आठवड्यांत संपला तर तब्येत आणि पैसे दोन्ही एकाच डब्यातून गळताहेत. साखरेचंही तसंच. दिवसाला २५ ग्रॅम ही वरची हद्द धरली तर चौघांना महिन्याला तीन किलो, आणि हे बाहेरचं गोड मोजून. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यातच ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते! इथल्या सरकारने २०१७ च्या ऑक्टोबरात अशा पेयांवर ५० टक्के कर बसवला आणि २०१९ च्या डिसेंबरात बाकीच्या गोड पेयांनाही लावला, तो उगीच नाही. मुलांना ताक द्या, लिंबाचं सरबत द्या. लिंबं इथे बारा महिने मिळतात.

भाजीचा हिशोब मात्र उलटा निघतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. चौघांचे रोजचे १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याचे अकरा किलो. तुमच्या घरी अकरा किलो येते का? बहुतेक घरांत याच्या निम्मीही येत नसेल. म्हणजे काटकसर करायची ती भाजीत करायची नाही. भाजी जास्त आणायची, फक्त स्वस्त असेल तेव्हाची आणि तिथली आणायची.

स्वस्त केव्हा, तर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. या महिन्यांत अमिरातीतल्या शेतांतून आणि शेजारच्या ओमानमधून टोमॅटो, काकडी, कोबी, फ्लॉवर, वांगी, भोपळी मिरची येते. दुकानात फळीवर देशाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्या. जानेवारीत हॉलंडची मिरची आणि इथली मिरची शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सख्ख्या बहिणी, भावात मात्र मोठा फरक. उन्हाळ्यात ताजी भाजी महाग झाली की दुधी, भोपळा, भेंडी यांवर भर द्या आणि मोड आलेली कडधान्यं वाढवा. गोठवलेला मटार, पालक यांना नाक मुरडायचं कारण नाही. तोडल्याबरोबर गोठवलेली भाजी चार दिवस ट्रकमध्ये आणि फळीवर सुकलेल्या भाजीपेक्षा वाईट नसते.

पालेभाजीच्या बाबतीत आपण मराठी माणसं मेथी, पालक, कोथिंबीर यांच्यापुढे जात नाही. त्यांच्याच शेजारी अरबी जुड्या पडलेल्या असतात. 'बकले' लिहिलेली जुडी उचलून बघा. जाड, मांसल, आंबूस पानं. ओळखलीत? आपली घोळ! डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन करा. 'जरजीर' म्हणजे मुळ्याच्या पाल्यासारखी उग्र चवीची भाजी. पीठ पेरून छान होते आणि कच्ची चिरून दह्यात घातली तरी चालते. शिवाय मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची कोवळी पानं टाकू नका. एका वस्तूच्या पैशांत दोन भाज्या होतात.

मसाफीच्या फ्रायडे मार्केटबद्दल नवीन आलेले लोक हमखास विचारतात. नाव शुक्रवारचं असलं तरी बाजार आठवडाभर चालू असतो. गालिचे, कुंड्या, फळं सगळं आहे. फिरायला जरूर जावं. पण तो रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्यांचा बाजार आहे, पहिला सांगितलेला भाव कधीच देऊ नये, आणि तिथली बरीचशी फळं आपल्या दुकानांत येतात तीच बाहेरदेशची असतात. हिवाळ्यात जवळपासच्या शेतांतला माल दिसला तर घ्या, बाकी हौस. दुबईच्या अल अवीरच्या घाऊक बाजाराचंही असंच. भाव कमी असतो हे खरं, पण पेटीने घ्यावं लागतं, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या जवळपास होतात, आणि पेट्रोलचे भाव ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला बदलतात. नुसत्या भाजीसाठी जाणं परवडत नाही. दुसऱ्या कामाला गेलाच असाल आणि चार घरं मिळून पेटी वाटून घेणार असाल तर मात्र जरूर आणा.

आता मासळी. मुंबई-कोकणातल्या माणसाला सुरमई आणि पापलेट यांखेरीज मासे दिसतच नाहीत. इथे सुरमई म्हणजे 'कनद', पापलेट म्हणजे 'झुबैदी', हेकरू म्हणजे 'हामूर', आणि तिन्हींचे भाव आपल्या खिशाला झोंबणारे. पण आपण राहतो कुठे? सात अमिरातींपैकी ज्या एकीचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे तिथे. या किनाऱ्यावर तारली येते, इथल्या भाषेत 'ऊमा'. कोळ्यांची जाळी भरली की ढिगाने येते. इतकी की उरलेली वाळूवर वाळवून उंटांना चारा म्हणून आणि शेतीला खत म्हणून घालायची इथली जुनी रीत आहे. आता ज्या माशाचं मालवण-रत्नागिरीत तिखलं करतात तो इथे उंटांनी खावा आणि आपण हप्त्याने सुरमई घ्यावी, हे काही बरोबर नाही. तारलीत ओमेगा-३ भरपूर, प्रथिनं भरपूर, आणि लहान तारली काट्यासकट मऊ शिजली तर कॅल्शियमही मिळतं. हृदयाच्या डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली की आपण पैसे मोजून आणतो, आणि तोच जिन्नस बाजारात वाट्याने पडलेला असतो. बांगडाही असाच, आणि गेदर, म्हणजे ट्युना, मोठा तुकडा कापून घेतला तर सुरमईपेक्षा बराच स्वस्त पडतो. मासळीबाजारात सकाळी जा, गाडीत बर्फाचा डबा ठेवा. जूनमधल्या गाडीत अर्ध्या तासात मासा बिघडतो, आणि फेकलेल्या माशाइतका महाग मासा दुसरा नाही. तारली तर त्याच दिवशी साफ करून शिजवायलाच हवी, ती थांबत नाही. सुक्या मासळीबद्दल एवढंच सांगते की ती स्वस्त असली तरी मीठ जबर असतं. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं, आणि पापड-लोणचं मिळून आपण ती हद्द आधीच ओलांडलेली असते.

मात्र सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते धान्य-कडधान्यात. आपली सवय अशी की 'भारतीय' फळीपाशी जायचं आणि ओळखीच्या छापाचं छोटं पाकीट उचलायचं. जरा दोन फळ्या पुढे जा. तिथे तोच माल अरबी नावाने, बऱ्याचदा सुटा आणि स्वस्त असतो. 'अदस' म्हणजे मसूर. 'हुमुस' म्हणजे छोले, 'लूबिया' म्हणजे चवळी, 'माश' म्हणजे मूग, 'सिमसिम' म्हणजे तीळ आणि 'हिलबा' म्हणजे मेथीदाणा. 'दुख्न' ही बाजरी. चिंचेला 'तमर हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. आपलीच चिंच आपल्याला परक्या नावाने घ्यावी लागते! 'हब्ब हरीस' म्हणून सडलेले गहू मिळतात. अरब लोक रमजानात त्यात मांस घालून हरीस घोटतात, आपण गूळ-खोबरं घालून खीर करावी. 'जरीश' म्हणजे भरडलेले गहू, लापशीला उत्तम. आणि ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांच्यासाठी 'हब्ब रशाद', म्हणजे हळीव. गंमत बघा, इथल्या आज्याही बाळंतिणीला हळीव आणि मेथीच देतात. गावाहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत अर्धा किलो हळीव कोंबायची गरज उरलेली नाही.

डबाबंद छोल्यांचा हिशोब एकदा करून ठेवा. चारशे ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढलं की २४० ग्रॅम छोले उरतात. एक किलो कोरडे छोले भिजवून शिजवले की जवळपास अडीच किलो होतात, म्हणजे दहा डबे! भाव तुम्हीच ताडून पाहा. एकदम शिजवून वाट्या-वाट्यांनी फ्रीझरमध्ये ठेवले की डब्याची सोयही साधते, आणि मीठही आपल्या हातात राहतं. दह्याचंही तेच. लाँग लाइफ दूध आधीच तापवलेलं असतं, ते नुसतं कोमट करून विरजलं तरी दही घट्ट लागतं. पीठ मात्र मोठं पोतं घेऊ नका. बाजरीचं पीठ महिन्याभरात कडवट होतं, आणि इथल्या उकाड्यात कणकेत पोरकिडे व्हायला वेळ लागत नाही. आणल्याबरोबर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरलं तर किडीचा त्रास होत नाही.

साठा करण्याबद्दल थोडं. जुलै २०२३ मध्ये भारताने बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा इथे कोलमच्या पिशव्यांसाठी धावाधाव झाली होती, आठवत असेल. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. त्याच काळात, ८ डिसेंबर २०२३ ला, कांदा बंद झाला तो मे २०२४ पर्यंत. मधे सरकारने अमिरातीला थोडा कांदा दिला, पण ओरड काही थांबली नाही. नाशिककडच्या मंडळींची तर विचित्र अवस्था. तिकडे भाव पडला म्हणून भाऊ रडतो, इकडे चढला म्हणून बहीण. तेव्हा ज्यांनी दोन महिन्यांचे कांदे भरून ठेवले त्यांच्याकडचे निम्मे सडले, आणि ज्यांनी मुकाट्याने इजिप्तचा, तुर्कस्तानचा कांदा खाल्ला त्यांचं काही बिघडलं नाही. तांदळाऐवजी आठवड्यातून चार रात्री भाकरी केली असती तर साखरवाल्यांचं भलंच झालं असतं. आता तर जानेवारी २०२५ च्या नियमाने तेल, अंडी, दूधदुभतं, तांदूळ, साखर, कोंबडी, कडधान्यं, पाव आणि गहू या नऊ जिनसांचा भाव इथल्या अर्थ मंत्रालयाच्या परवानगीशिवाय वाढवता येत नाही. म्हणून भीतीने साठा करू नका. रमजानात दुकानं खरोखरीच भाव उतरवतात, तेव्हा डाळ-तांदूळ-खजूर यांची दोन महिन्यांची बेगमी करा, पण चिप्स आणि सरबतांच्या बाटल्यांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून.

खजुराचा हंगामही गाठावा. जूनच्या सुमारास पहिला 'नगाल' येतो, मग 'खनेजी', 'खलास' वगैरे. ओला रुतब तेव्हा भरपूर असतो. तिळाच्या लाडवात, शेवयांच्या खिरीत साखरेऐवजी खजूर चालतो. मधुमेहींनी मात्र 'नैसर्गिक आहे' म्हणून वाटीभर खाऊ नये, साखर ती साखरच.

शेवटी मल्याळी दुकानांबद्दल लिहायलाच हवं, कारण फुजैरात गल्लोगल्ली तीच आहेत आणि आपल्या बायका भाषा कळत नाही म्हणून बाहेरूनच परततात. कुळीथ मिळत नाही म्हणता ना? 'मुदिरा' मागा. शेवग्याच्या शेंगा 'मुरिंगक्का', सुरण 'चेना', हिरवे मूग 'चेरुपयर'. खवलेलं गोठवलेलं खोबरंही तिथेच. आणि आमसुलं संपली तर 'कुडमपुळी' घ्या. कोकमाच्याच कुळातलं फळ आहे, फक्त धुरावर वाळवलेलं असल्याने काळं आणि जरा धुरकट वासाचं. दोन तुकडे धुऊन कोमट पाण्यात भिजवा आणि तारलीच्या तिखल्यात त्या पाण्यासकट घाला. किलोभर तारलीला दोनच पुरतात, तिसरा टाकलात तर आंबट होऊन कोणी खाणार नाही.