सायकलींची रांग

आपल्या चांदवडवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. या रस्त्यावर ट्रक, एसटी, मोटारी रात्रंदिवस धावतात. मधूनच एक वेगळी रांग दिसते. वीस-पंचवीस सायकली एकामागे एक चाललेल्या असतात. कुणी तरुण असतो, कुणाचे केस पिकलेले असतात. बायाही असतात. लोक आम्हांस विचारतात, "गुरुजी, एवढा लांबचा पल्ला ही माणसं पायाच्या बळावर कशी गाठतात?" तेच आज पाहू.

समजा, नाशिकहून वीस जण निघाले. मुक्काम मालेगावला करायचा आहे. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. पायी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. सायकलीवर तोच माणूस पंधरा किलोमीटर जातो. असे का? चालताना अंगाचा सारा भार पाय उचलतात. सायकलीवर तो भार चाके वाहतात. पायांना फक्त पायडल मारायचे काम उरते.

तयारी आदल्या रात्रीच होते. चाकांत हवा भरतात. चेनला तेल देतात. ब्रेक दाबून पाहतात. मागे लाल काच आहे ना, हे बघतात. पंप, पाने, जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान बरोबर घेतात.

पहाटे पाचला टोळी निघते. ऊन चढायच्या आत जेवढे अंतर कापले तेवढे खरे. सगळे रस्त्याच्या डाव्या कडेने, एका रांगेत चालतात. गप्पा मारीत शेजारी-शेजारी कुणी चालत नाही. मागून ट्रक येत असतो!

रांगेचा आणखी एक फायदा आहे. समोरून वारा आला की पायडल जड होते. पुढचा गडी तो वारा अंगावर घेतो. मागच्याला त्याचा आडोसा मिळतो, त्याची ताकद वाचते. म्हणून पुढची जागा पाळीपाळीने घेतात. थोडा वेळ एक पुढे, मग दुसरा. एकट्यानेच वारा खायचा नाही. औताला बैल बदलतो ना आपण, तसेच हे.

आणि सर्वांत मागे कोण असतो? तुम्हाला वाटेल, दमलेला. तसे नव्हे. सर्वांत मागे एक दमदार आणि जाणता गडी ठेवतात. पंक्चरचे सामान त्याच्याजवळ असते. त्याच्यामागे कुणी राहायचे नाही, हा नियम. कुणाचे चाक बसले तर तो थांबतो. ट्यूब काढून हवा भरतो, पाण्यात धरतो. जिथे बुडबुडे येतात तिथे भोक. ती जागा पुसून, घासून, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवतो. अर्ध्या तासात गाडी चालू!

सात वाजता पिंपळगाव बसवंत येते. तिथे न्याहारी. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पितात. घामावाटे मीठही जाते. म्हणून लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घेतात.

साडेदहाच्या सुमारास चांदवड. रेणुकामातेचे दर्शन, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, जेवण आणि झाडाखाली झोप. तीन वाजता पुन्हा निघायचे.

पुढे राहुडचा घाट लागतो. मालेगावकडे जाताना तो उतरतो. उतार पाहून मन मोकाट सुटते, पण जिवाला धोका इथेच. शहाणी माणसे दोघांत भरपूर अंतर ठेवतात. दोन्ही ब्रेक थोडे दाबतात, थोडे सोडतात. नुसता पुढचा ब्रेक जोरात आवळला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. चालत्या ट्रकला धरून जाणे तर मरणाला बोलावणे. आपली पोरे सायकलीने शाळेत जातात, त्यांना हे जरूर सांगा.

घाट उतरला की सगळे थांबतात. डोकी मोजतात. वीस भरली की मगच पुढे. उमराणे, सौंदाणे मागे टाकून दिवस मावळायच्या आत मालेगाव.

अशी एक मोठी यात्रा महाराष्ट्राच्या आठवणीत आहे. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघाले. बरोबर शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते. बाबांनी सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या दुखण्याने त्यांना बसवत नसे. ते गाडीतून आडवे पडून गेले, पण गेले. १९८६ साली यात्रा काश्मीरकडे पोचली. सुमारे पाच हजार किलोमीटर! नाव होते 'भारत जोडो'. त्या काळी पंजाबात रक्त सांडत होते. माणसे धर्माच्या नावाने दूर जात होती. म्हणून ही मुले गावोगाव जाऊन सांगत होती, की आपण एक आहोत.

रांगेत सर्वांत जलद कोण, याला मोल नाही. शेवटचा माणूस पोचला तरच टोळी पोचली म्हणायचे. आपल्या गावाचेही असेच आहे.