जीवविषशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आणि भोर–वेल्ह्यातील सर्पदंश

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. (वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला.) नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकते. आषाढात लावणी सुरू होते, त्या सुमारास बिळांत पाणी शिरल्याने सर्प बाहेर पडतात. शेतकरी अनवाणी चिखलात उभा असतो, आणि रात्री घरातील माणसे जमिनीवर अंथरूण घालून निजतात. सर्पदंशाचा हंगाम आणि शेतीचा हंगाम अशा रीतीने एकच होतो. या खोऱ्यांतील माणसाच्या जीविताशी दूरदेशीच्या एका विद्वत्संस्थेचा संबंध कसा पोहोचतो, आणि तो कोठे तुटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राची व्याप्ती

विषांचा सर्वसाधारण अभ्यास करणारे शास्त्र ते विषशास्त्र. त्यात औषधे, धातू, कीटकनाशके आदी सर्व विषारी द्रव्यांचा समावेश होतो. त्याहून वेगळे असे जीवविषशास्त्र हे सर्प, विंचू, कोळी, सागरी प्राणी, वनस्पती व सूक्ष्मजंतू यांच्या शरीरात निर्माण होणाऱ्या विषांपुरते मर्यादित आहे. इटालियन वैद्य फ्रान्सेस्को रेडी याने १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्पविषयक निरीक्षणांत, विष हे सर्पाच्या पित्तात नसून दातांवाटे स्रवते असे दाखवून दिले. प्रयोगाने सिद्ध झालेल्या ज्ञानाची या शास्त्रातील परंपरा तेथून मोजली जाते.

संस्थेची स्थापना व कारभार

या शास्त्राच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. अमेरिकन वैद्यक फिंडले रसेल हे तिचे पहिले अध्यक्ष. ‘टॉक्सिकॉन’ हे तिचे मुखपत्र त्याच सुमारास निघू लागले. प्राणिज विषांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६६ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरली. पुढे ॲडलेड (२००३), ग्लासगो (२००६), रेसिफे (२००९), होनोलुलू (२०१२) व ऑक्सफर्ड (२०१५) अशी जागतिक अधिवेशने निरनिराळ्या खंडांत होत गेली.

संस्थेचा कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळाकडे असतो. अध्यक्ष हा तिचा प्रतिनिधी असला, तरी पत्रव्यवहार, वर्गणी, निवडणूक व अधिवेशनाची पूर्वतयारी हा नित्याचा भार चिटणीस व कोषाध्यक्ष यांच्यावर पडतो. ॲडलेडचे वैद्यक ज्युलियन व्हाइट यांनी ही जबाबदारी दीर्घकाळ वाहिली. संस्थेच्या युरोपीय, अखिल अमेरिकी व आशिया–पॅसिफिक अशा तीन प्रादेशिक शाखा आहेत. जागतिक अधिवेशन काही वर्षांच्या अंतराने भरते; मधल्या काळात शाखांच्या सभा होतात. जागतिक अधिवेशनात रेडीच्या नावाचे पारितोषिक दिले जाते, आणि ते या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान मानले जाते. ॲडलेड येथे चिकित्सकांसाठी शिक्षणवर्गही चालविले गेले.

संस्थेच्या हाती असलेली साधने एवढीच आहेत. तिच्याजवळ रुग्णालये नाहीत आणि प्रतिविष सिद्ध करणारे कारखाने नाहीत. कोणत्याही सरकारला आज्ञा करण्याचा अधिकारही नाही. विषाचे घटक ओळखणे, संज्ञा निश्चित करणे, निरीक्षणे तपासून प्रसिद्ध करणे आणि एरव्ही एकमेकांस न भेटणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ व वैद्य यांना एकत्र बसविणे, हे तिचे खरे सामर्थ्य होय.

प्रयोगशाळेतून आरोग्यधोरणाकडे

रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने विष हे एक द्रव्य असते. वैद्याच्या दृष्टीने ते रुग्णाच्या शरीरातील संकट असते. संस्थेच्या सभांत पहिली दृष्टी दीर्घकाळ प्रबळ राहिली. विषातील प्रथिनांचे पृथक्करण सूक्ष्म होत गेले, परंतु दंशाने किती माणसे दगावतात, याची विश्वसनीय गणना मात्र कोठेच नव्हती. २००८ मध्ये मेलबर्न येथील सभेतून जागतिक सर्पदंश उपक्रम उदयास आला. त्यात जीवविषशास्त्रज्ञांनीच पुढाकार घेतला होता. कोस्टारिकाने, जेथे क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७० पासून प्रतिविष तयार करीत आली आहे, हा प्रश्न पुढे जागतिक आरोग्य संघटनेत नेला.

जून २०१७ मध्ये संघटनेने सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या अग्रक्रमाच्या वर्गात केला. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तत्संबंधी ठराव संमत केला. २०१९ च्या योजनेत मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठरले. संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५४ लक्ष सर्पदंश होतात आणि ८१,००० ते १,३८,००० माणसे मृत्यू पावतात. भारतातील मृत्यूंच्या एका विस्तृत पाहणीवरून २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लक्ष मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू, असा निष्कर्ष निघाला. त्यांपैकी सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते. त्याच पाहणीच्या २०११ मधील निबंधानुसार शेकडा ७७ मृत्यू रुग्णालयाबाहेर घडले होते. अर्थात केवळ रुग्णालयांची वही पाहून या संकटाची व्याप्ती कळणे शक्य नव्हते.

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश हा नोंदणीयोग्य आजार म्हणून घोषित करावा, असे राज्यांना कळविले.

घाटापलीकडील उदाहरण

वर वर्णिलेला प्रवाह अधिवेशनाकडून गावाकडे येणारा आहे. त्याच्या उलट दिशेच्या प्रवाहाचे उत्तम उदाहरण भोरपासून दूर नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाने दंश केलेल्या रुग्णांची निरीक्षणे टिपण्यास आरंभ केला. घाम सुटणे, उलट्या होणे, हातपाय थंड पडणे ही लक्षणे हृदयावरील आगामी संकटाची सूचना देतात, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा उसळतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावर असह्य भार पडतो. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या अवस्थेत उपयुक्त ठरते, असे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले. २०११ मध्ये त्यांनी ७० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. तीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली असता रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे दिसून आले. या कार्याबद्दल डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या उदाहरणाचा अर्थ स्पष्ट आहे. जगाने स्वीकारलेले ज्ञान येथे एका तालुक्याच्या रुग्णनोंदींतून उत्पन्न झाले, आणि त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज लागली नाही. लागले ते सातत्य, आणि नोंद तपासून प्रसिद्ध करणारी व्यवस्था.

दोन तालुक्यांपुढील प्रश्न

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषांवर आधारलेले असते. परळ येथील हाफकिन संस्थेचे या क्षेत्रातील कार्य सर्वश्रुत आहे, तेथील प्रा. पां. ज. देवरस यांचा भारतीय सर्पांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. शुष्क चूर्णाच्या रूपातील प्रतिविष शीतकपाटावाचूनही टिकते, म्हणून दुर्गम केंद्रांना ते सोयीचे असते. तथापि प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सर्पपकडूंच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सर्पाचे विष प्रदेशपरत्वे बदलते, आणि दक्षिणेतील विषावर सिद्ध केलेले प्रतिविष अन्यत्र कमी पडू शकते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनातून पुढे आले आहे. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या चापड्याच्या विषावर तर हे प्रतिविष मुळीच सिद्ध केलेले नसते. म्हणून वेल्ह्याच्या खोऱ्यातील घोणशीच्या दंशास किती कुप्या पुरल्या, ही नोंद केवळ स्थानिक महत्त्वाची राहत नाही.

उपचारातील काही पायऱ्या कोणत्याही केंद्रास शक्य आहेत. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णास उचलून नेणे हा पहिला नियम होय. करकचून दोरी बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे ही कृत्ये घातक ठरतात. केंद्रात आल्यावर सुमारे २ मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत २० मिनिटे न हलविता ठेवावे. नळी कलती केल्यावर रक्त न गोठता वाहिले, तर विष रक्तात भिनले असे समजून प्रतिविष सुरू करता येते. भारतीय मार्गदर्शिकेनुसार आरंभी साधारणतः ८ ते १० कुप्या दिल्या जातात. नळी साबणाने धुतलेली असल्यास परीक्षा फसते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, झोपेत व वेदनेवाचून होतो. पापण्या जड होऊ लागल्यास श्वसनाचा आधार देण्याची तजवीज तत्काळ करावी लागते.

येथेच मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतून नसरापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत पावसाळ्यात जो वेळ जातो, तो कोणत्याही परिषदेचा ठराव कमी करू शकत नाही. तो रस्ता, वाहन, केंद्रातील वैद्याची उपस्थिती आणि कपाटातील कुप्या यांवर अवलंबून असतो. परंतु दंशाची वेळ, सर्पाची जात, केंद्रात पोहोचण्यास लागलेला अवधी, दिलेल्या कुप्या व परिणाम या पाच गोष्टींची नोंद प्रत्येक रुग्णाबाबत झाली, आणि वाटेत किंवा घरी दगावलेल्यांची नोंदही ग्रामपंचायतींकडून मिळविली, तर त्या नोंदींचे मोल मोठे आहे. कुप्यांचा साठा कोठे ठेवावा, हे तीवरून ठरविता येईल. प्रतिविष या प्रदेशात कमी पडते की काय, हेही सांगता येईल. आंतरराष्ट्रीय संस्थेचे अधिवेशन ज्या सामग्रीवर उभे राहते ती शेवटी अशीच गोळा होते. ज्या तालुक्यांतून ती पोहोचत नाही, त्यांच्या सर्पांचा व माणसांचा विचार तेथील निर्णयांत होत नाही.