गाठ काढली, पण तिचा रिपोर्ट वाचला का?

गेल्या महिन्यात ओपीडीत साठीचे एक शेतकरी मुलाबरोबर आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन दुसरीकडे होऊन साडेतीन महिने झाले होते. पिशवीत सीटी स्कॅनच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिले, सगळे जपून ठेवलेले. नव्हता तो काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट. मुलगा म्हणाला, "गाठ निघाली म्हटल्यावर संपलं असं वाटलं, साहेब."

गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली, पण लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली नाही, तर तो दुसरा टप्पा. यातले बहुतेक रुग्ण केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. काहींचा आजार मात्र उलटतो. असा धोका कोणाला जास्त, याचे बरेचसे उत्तर त्या गाठीतच असते.

रिपोर्टमध्ये पहिला आकडा पाहायचा तो तपासलेल्या ग्रंथींचा. किमान १२ ग्रंथी पाहिल्या असतील, तरच 'ग्रंथी स्वच्छ आहेत' या वाक्यावर भरवसा ठेवता येतो. गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणातून आरपार गेली आहे का, रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या किंवा नसांच्या भोवती शिरली आहे का, हेही महत्त्वाचे.

गाठीच्या पुढच्या कडेवर काही पेशी मूळ गाठीपासून सुटून, एकेकट्या किंवा चारपर्यंतच्या पुंजक्यांत पसरलेल्या दिसतात. याला 'ट्यूमर बडिंग', म्हणजे कोंब फुटणे म्हणतात. ते मोजायचे कसे, यावर २०१६ साली आंतरराष्ट्रीय एकमत झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ०.७८५ चौरस मिलिमीटर जागेत असे १० किंवा अधिक कोंब दिसले, तर धोका वाढलेला समजतात.

'एमएमआर' ही तपासणीही करून घ्यावी. पेशीची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, हे त्यातून कळते. ती बिघडलेली असेल, तर दुसऱ्या टप्प्यात आजार उलटण्याची शक्यता उलट कमी असते आणि नुसत्या फ्लुरोयुरॅसिल गटातल्या केमोचा फारसा उपयोग होत नाही. मात्र हा दोष आनुवंशिक आहे का, ते पाहावे लागते. तसे असेल, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी हवी.

शेतकरीकाकांच्या गाठीचे मेणातले ठोकळे त्या प्रयोगशाळेत जपलेले होते. ते मागवले. ग्रंथी तपासल्या होत्या जेमतेम सात, आणि कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिनीत शिरलेल्या होत्या. केमो द्यायची की नाही, हा विचार तेव्हाच व्हायला हवा होता. ती सुरू करायची तर साधारण आठ आठवड्यांच्या आत. त्यानंतर तिचा फायदा घटत जातो. आता आमच्या हाती मुख्यतः राहिली आहे ती काटेकोर देखरेख: दर तीन महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी, ठरलेल्या वेळी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी.

म्हणून ऑपरेशननंतर घरी जाताना टाके काढण्याची तारीख विचाराल, तेव्हा गाठीचा रिपोर्ट कधी मिळेल, हेही विचारा. तो हातात आला की कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. पिशवीत सर्वांत वर राहायला हवा तो हाच कागद.