मोबाईल बंद करणे आणि त्यास कुलूप लावणे

मोबाईलचा पडदा काळा झाला म्हणजे मोबाईल बंद झाला, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः काळ्या पडद्यामागे तीन निरनिराळ्या अवस्था असू शकतात. पहिलीत पडदा नुसता मिटलेला असतो. कोणीही बोट लावावे आणि आत शिरावे. दुसरीत फोन चालू असतो, घंटी वाजते, निरोप येतात, परंतु आत जाण्यास खूण किंवा अंक द्यावे लागतात. तिसरीत यंत्रच थांबलेले असते. दार नुसते लोटून घेणे, दारास कुलूप घालणे आणि चूल विझवून परगावी जाणे ह्यांत जितके अंतर आहे, तितकेच ह्या तीन अवस्थांत आहे. ह्यांपैकी कोणती अवस्था केव्हा योग्य हे शिक्षकाने जाणून घेणे आता अगत्याचे झाले आहे.

त्याचे कारण असे. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ह्या उपक्रमाने पाठ फोनवरून घरोघर गेले. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन मात्र दप्तरात कायमचा सामील झाला. पोषण आहाराची दैनिक नोंद, यू-डायस प्लसमधील माहिती, दीक्षावरील पाठ, केंद्राच्या गटावरील पत्रे, हे सारे त्यावरच चालते. शिष्यवृत्तीच्या कामासाठी काढलेली आधारपत्रांची व बँकेच्या पासबुकांची छायाचित्रेही बहुधा त्यातच राहून जातात. हजेरीपत्रक कपाटात कुलूपबंद ठेवणारा शिक्षक हजेरीपत्रकाहून कितीतरी नाजूक मजकूर खिशात उघडा घेऊन हिंडतो, आणि तो मजकूर त्याचा स्वतःचा नसतो; ज्यांना आपली कागदपत्रे कोठे साठविली जातात हे ठाऊकही नाही, अशा आईबापांचा असतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा संमत केला असून अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस त्यात विशेष जपले आहे. काम संपताच अशी छायाचित्रे पुसून टाकणे हा पहिला उपाय. कुलूप हा त्यानंतरचा.

कुलपाची सोय प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षा' किंवा 'लॉक स्क्रीन' ह्या सदराखाली असते. कंपनीगणिक नावे थोडी बदलतात. मेनूची भाषा मराठी करून घेतली तर शोधणे सोपे जाते. तेथे 'स्वाइप' असा एक प्रकार दिसतो. तो कुलूप नव्हे, नुसती कडी आहे. खरी कुलुपे म्हणजे पॅटर्न, पिन, पासवर्ड आणि त्यांच्या जोडीला बोटाचा ठसा अथवा चेहरा.

पॅटर्न लोकांना फार आवडतो. नऊ ठिपक्यांतून कमीत कमी चार ठिपके जोडून होणाऱ्या आकृत्यांची संख्या ३,८९,११२ भरते. चार अंकी पिनचे प्रकार अवघे १०,००० आणि सहा अंकीचे १०,००,०००. केवळ हिशेबाने पाहता पॅटर्न चार अंकी पिनहून वरचढ दिसतो. परंतु शाळेत हा हिशेब टिकत नाही. पहिलीच्या मुलास अक्षर शिकविताना शिक्षक हवेत बोट फिरवून वळण दाखवितो आणि मूल ते लगेच उचलते. तेच मूल गुरुजींच्या खांद्यामागे उभे राहून त्यांच्या फोनवरील वळणही तितक्याच सहजतेने उचलते. पुन्हा, जेवणानंतर फोन उघडला की बोटाची तेलकट रेघ काचेवर उमटते व फोन उजेडात तिरपा धरताच सारी आकृती दिसते. यास्तव सहा अंकी पिन घेणे बरे. तो १२३४५६ नसावा, जन्मतारीख नसावा आणि शाळेच्या यू-डायस क्रमांकाचा तुकडाही नसावा, कारण तो क्रमांक शाळेत अनेकांस पाठ असतो.

पिन घेऊनही एक फट राहून जाते. पडदा मिटल्यावर कुलूप किती वेळाने पडावे, हा अवधी सेटिंगमध्ये निराळा ठरवावा लागतो. तो पाच-दहा मिनिटे ठेवला असेल तर टेबलावर ठेवलेला काळा फोन तेवढा वेळ उघडाच असतो. हा अवधी 'लगेच' असा करावा आणि बाजूचे बटण दाबताच कुलूप पडावे, असा पर्याय असल्यास तोही चालू ठेवावा. दुसरी फट सूचनांची. कुलूप लागलेले असतानाही आलेला निरोप पडद्यावर झळकतो, आणि त्यात बँकेचा ओटीपी असला तर कुलपाचा उपयोग काय? 'लॉक स्क्रीनवर संवेदनशील मजकूर लपवा' हा पर्याय त्यासाठीच आहे.

बोटाच्या ठशाविषयी आपल्या भागात थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. ठसा ओळखणारे यंत्र बोटावरील रेषांचे उंचसखलपण पाहते. धानाची रोवणी, मोहफुलांची वेचणी, तेंदूपानांची तोडणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, आणि रास्त भावाच्या दुकानातील यंत्र कित्येकांचा अंगठा घेत नाही, हे गावकऱ्यांस चांगले ठाऊक आहे. शिक्षकाच्या बोटावर खडूची पूड असते, पावसाळ्यात हात ओले असतात. म्हणून दोन्ही हातांची मिळून दोन-तीन बोटे नोंदवावीत. तथापि ठसा हा पिनचा जोडीदार आहे, त्यास पर्याय नव्हे. फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्या वेळी तो ठसा स्वीकारीत नाही, पिनच मागतो. आतील मजकूर सांकेतिक रूपात बंद केलेला असतो आणि पिन दिल्याखेरीज तो उलगडत नाही, हे त्याचे कारण. महिनोन्महिने बोटानेच फोन उघडणारे लोक नेमके अशा वेळी पिन विसरलेले आढळतात. मग फोन पूर्णतः पुसून नव्यासारखा करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि पुसल्यावरही तो पूर्वीच्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. तेव्हा पिन व त्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरी पेटीत ठेवणे शहाणपणाचे. फोनच्या पाकिटात तो कागद ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच अडकवून जाणे होय.

पालकांच्या फोनची गोष्ट वेगळी आहे. अर्ज भरताना पालक आपला फोन विश्वासाने गुरुजींच्या हाती देतो, पिनही सांगतो. तो पिन शाळेच्या वहीत उतरून ठेवण्याची चाल काही ठिकाणी पडली आहे. हेतू चांगला असला तरी ती चाल मोडली पाहिजे. पालकाकडूनच फोन उघडवून घ्यावा, ओटीपी कशासाठी आला हे त्यास माडियात, गोंडीत किंवा जी भाषा तो समजतो तीत सांगावे, आणि काम झाले की फोन त्याच्या हाती परत द्यावा.

मुलांच्या हाती फोन देण्याचा प्रसंग तर रोजचा. दीक्षावरील पाठ दाखविण्यासाठी दिलेला फोन पाचव्या मिनिटास भलत्याच ठिकाणी पोचतो. ह्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये 'अॅप पिन करणे' नावाची एक सुरेख सोय आहे, पण फारच थोड्यांना ती माहीत आहे. सुरक्षेच्या सदरात ती चालू करावी आणि 'अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा' हा उपपर्यायही निवडावा. नंतर पाठाचे अॅप उघडून, चालू असलेल्या अॅपांच्या यादीत त्याच्या चिन्हावर बोट ठेवून 'पिन' निवडावे. आता मूल त्या एका अॅपबाहेर जाऊ शकत नाही. बाहेर पडण्याची रीत फोनगणिक थोडी निराळी असते व चालू करतेवेळी पडद्यावरच सांगितली जाते. ती त्याच वेळी वाचून घ्यावी.

आता पूर्ण बंद करण्याविषयी. साध्या बटणाच्या फोनमध्ये लाल खुणेचे बटण दाबून धरले की काम झाले. स्मार्टफोनमध्ये पूर्वी बाजूचे बटण दाबून धरल्यास बंद करण्याचा पर्याय येई. अलीकडच्या पुष्कळ फोनांत तसे केले तर बोलणारा साहाय्यक जागा होतो आणि माणूस गोंधळतो. अशा फोनांत बाजूचे बटण व आवाज वाढविण्याचे बटण एकाच वेळी दाबावे; काही कंपन्यांत आवाज कमी करण्याचे. अथवा वरून खाली पडदा ओढून तेथील बंद करण्याच्या चिन्हावर बोट ठेवावे. फोन गोठला, काहीच हालेना, तर बाजूचे बटण दाबून तसेच धरून ठेवावे, वाटल्यास अर्धा मिनिट. बॅटरी काढून घालण्याचा जुना उपाय बहुतेक नव्या फोनांत शक्य राहिलेला नाही. बंद फोनवर घंटी तर येत नाहीच, पण बहुतेक फोनांत गजरही वाजत नाही, हे पहाटेची गाडी गाठणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

शाळेच्या वेळेत फोन बंदच असावा, असे आग्रहाने म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांतून मुलांच्या फोनवर बंदी घातली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला; मुले त्या वेळात अभ्यासास बसू लागली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल वापरू न देण्याचा ठराव केला. ह्यांपैकी वडगावचा मार्ग अधिक अनुकरणीय वाटतो, कारण तेथे मोठ्यांनीही आपले फोन बाजूस ठेवले. मुलांना मना करून स्वतः पडद्यात डोके घालणाऱ्याचा शब्द कोण मानील?

परंतु तोच नियम जसाच्या तसा वनप्रदेशातील दोन शिक्षकी शाळेस लावता येईल काय, ह्याचा विचार केला पाहिजे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ह्या भागांत वाघाचा वावर शेतशिवारापर्यंत असतो. भामरागडला पर्लकोटेचा पूर चढला की मार्ग तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर गावच पाण्याखाली गेले होते. सर्पदंश हा पावसाळ्याचा नित्याचा धोका. पाड्यावरील मोठी माणसे दिवसभर शेतात वा जंगलात असतात, आणि शाळेच्या वेळेत गावात चालू असलेला फोन कित्येकदा शिक्षकाचा एकटाच असतो. वाघ दिसल्याची वर्दी, नाला चढल्याचा निरोप त्याच फोनवर यावयाचा आणि १०८ ची रुग्णवाहिका त्यावरूनच बोलवावयाची. अशा शाळेत सर्व फोन पूर्ण बंद ठेवणे हे शिस्तीचे दिसले तरी धोक्याचे आहे.

येथे मधली अवस्था कामी येते: फोन चालू, कुलूप लागलेले, आवाज मिटलेला. 'व्यत्यय आणू नका' नावाची सोय चालू केली की घंटी वाजत नाही. मात्र निवडलेल्या क्रमांकांस त्यातून मोकळीक देता येते. वनरक्षक, आशा कार्यकर्ती, पोलीस पाटील, सहकारी शिक्षक असे चार-सहा क्रमांक 'तारांकित' करून ठेवावेत. तोच मनुष्य थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन करील तर घंटी वाजावी, असाही पर्याय त्यात असतो. दोन शिक्षक असतील तर एकाचा फोन असा ठेवावा, दुसऱ्याचा खुशाल बंद असावा. ह्या फोनची जागा ठरलेली असावी आणि मोठ्या मुलांना ती माहीत असावी. पिन त्यांस सांगण्याचे कारण नाही: कुलूप लागलेल्या पडद्यावरही 'आणीबाणी कॉल' असे शब्द असतात, त्यांवर बोट ठेवून ११२ लावता येतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर असल्यास हा क्रमांक लागू शकतो. शिक्षकच भोवळ येऊन पडले तर काय करावे, हे तिसरी-चौथीच्या मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवावे. मात्र फोन न लावता.

ज्या गावी कोणताच टॉवर पोचत नाही तेथे फोन चालू ठेवून काही साधत नाही. उलट टॉवर धुंडाळण्यात बॅटरी लवकर संपते. वीज बेभरवशाची असेल तेथे तर हे फारच जाणवते. अशा ठिकाणी विमानाच्या चिन्हाची अवस्था चालू करावी. फोनमध्ये उतरवून घेतलेले पाठ तीतही दाखविता येतात.

फोन हरवला किंवा चोरीस गेला तर घाई करावी लागते. दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल खात्यात शिरून हरवलेला फोन शोधता येतो, त्यास दुरून कुलूप घालता येते आणि आतील मजकूर पुसताही येतो. मात्र तो फोन चालू व इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. बँकेस त्वरित कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फोनला कुलूप असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो व त्यावर ओटीपी मागवितो, म्हणून सिमलाही निराळा पिन लावण्याची सोय आहे. ती चालू करण्यापूर्वी कंपनीने दिलेला मूळ पिन विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला की सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक आणावा लागतो.

त्यानंतर पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी आणि त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळवावे. मग केंद्र शासनाच्या संचार साथी ह्या व्यवस्थेत फोनचा आयएमईआय क्रमांक नोंदविला की तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. सापडल्यास तो पुन्हा मोकळा करता येतो. ही व्यवस्था २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर खुली आहे. आयएमईआय क्रमांक पंधरा अंकी असतो. तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो, आणि *#०६# असे लावले की पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, ते दोन्ही लिहून ठेवावेत. शाळेस टॅब मिळाला असेल आणि त्यास असा क्रमांक असेल, तर जडवस्तू नोंदवहीत टॅबच्या नावापुढे तो लाल शाईने घालावा, आणि बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने आपले खाते त्यातून काढून नव्या शिक्षकाच्या समक्ष नवा पिन लावून द्यावा.