सुजाता : नावातला जन्म

वर्गात हजेरी घेताना दर वर्षी एखादी तरी सुजाता भेटतेच. मागच्या वर्षी त्यांतल्याच एकीने विचारले, "सर, सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. जन्मावरून मोठेपण मोजणाऱ्यांचे हे नाव आपण का ठेवायचे?"

प्रश्न बिनतोड होता. 'सु' म्हणजे चांगले, 'जात' म्हणजे जन्मलेले. आपल्या कपाळी मारलेली 'जात'ही त्याच 'जन्' धातूची.

पण नाव नुसते कोशातून येत नाही. उरुवेलेला सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता बौद्ध परंपरेने जपली. अंगुत्तरनिकायात प्रथम शरण गेलेल्या उपासिकांत सुजातेला अग्रस्थान आहे. हे मोठेपण कृतीचे आहे. माणूस जन्माने नव्हे, कर्माने श्रेष्ठ ठरतो, हे बुद्धाने वासेट्ठसुत्तात सांगितलेच आहे.

उलट मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाने शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असा दंडक घातला. आमच्या जालना, अंबड, परतूर भागात जुन्या पिढीत दगडाबाई, धोंडाबाई, कचराबाई किती! मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवत, हे खरे. पण वाड्यातली दगडाबाई 'बाई' राहिली. माझी आजी म्हातारपणीही 'दगडे'च!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि आमच्या वस्त्यांत सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा नांदू लागल्या. आजीने धाकट्या लेकीचे नाव सुजाता ठेवले. वाड्यावर त्याची 'सुजी' झाली. आजी हातातले काम न थांबवता दर वेळी म्हणे, "सुजाता म्हना."

बिमल रॉय यांच्या १९५९ च्या 'सुजाता' चित्रपटात ब्राह्मण घरी वाढलेली अस्पृश्य मुलगी आईला रक्त देते, तेव्हा कुठे ती लेक ठरते. आजीने असा कुठलाही दाखला दिला नाही. तिने नाव घेतले आणि ते पुरे उच्चारण्याचा आग्रह धरला.

नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी मराठवाड्याचा १९७८ ते १९९४ हा काळ आठवावा. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून माणसे मेली, घरे जळाली.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो : 'चांगला जन्म' हा शब्द ज्यांनी आपल्याला बंद ठेवला, त्यांच्याकडून तुझ्या माणसांनी तो काढून घेतला आहे. अर्धी हाक मारणाऱ्याला आता तू ओ देऊ नकोस.