नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? मोडेम, राउटर, स्विच ओळखू या

शिष्यवृत्तीचा फॉर्म, अकरावीचा प्रवेश, रेशनकार्डाची ई-केवायसी, आखाती देशात असलेल्या अब्बांचा व्हिडिओ कॉल. आज हे सगळं नेटवर चालतं. आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेलाच नेट बंद पडलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "नेट गेलं." पण गेलं कुठून? केबलमधून, डब्यातून की मोबाईलमधून? हे कळलं नाही तर आपण चुकीची वस्तू विकत आणतो आणि पैसे वाया जातात. म्हणून या वस्तूंची ओळख हवी.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात, शिवथर खोऱ्यासारख्या ठिकाणी, मोबाईलची रेंज एका वळणावर मिळते आणि पुढच्या वळणावर जाते. अशा गावांसाठी जमिनीतून किंवा खांबांवरून येणारी फायबर महत्त्वाची आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिलाच 'भारतनेट' हे नाव मिळालं. महाराष्ट्रात तिचा पुढचा टप्पा 'महानेट' या नावाने ओळखला जातो.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपात येते. पण लॅपटॉपला प्रकाश समजत नाही, त्याला विजेचे संकेत लागतात. हा बदल करणारा डबा म्हणजे ओएनटी. आपण त्याला सवयीने मोडेम म्हणतो. जुन्या टेलिफोन लाईनवर खरा मोडेम असायचा, कामही साधारण असंच, बाहेरचा संकेत घरच्या यंत्राला समजेल असा करून देण्याचं.

त्यानंतर येतो राउटर. पोलादपूरचा नाका डोळ्यासमोर आणा. गोव्याकडची गाडी सरळ जाते, महाबळेश्वरची आंबेनळी घाटाकडे वळते. राउटरही असंच करतो. बाहेरून आलेली माहिती घरातल्या कोणत्या यंत्राची आहे ते बघतो आणि तिकडे पाठवतो. कंपनीकडून आलेलं एकच कनेक्शन तो सगळ्यांना वाटून देतो. आजकाल ओएनटी, राउटर आणि वायफाय बऱ्याचदा एकाच डब्यात असतात, म्हणून गोंधळ होतो.

स्विच मात्र बहुतेक शाळेच्या संगणक कक्षात किंवा ऑफिसात दिसतो. राउटरला चारच तारा जोडता येतात आणि संगणक दहा आहेत, तर स्विच लागतो. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला बारा अक्षर-अंकांचा स्वतःचा क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणत्या तारेवर आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि चिठ्ठी थेट त्याच घरी देतो. जुना हब हे करत नसे. तो एकाची चिठ्ठी सगळ्या दारांत टाकायचा, त्यामुळे गर्दी होऊन वेग कमी व्हायचा. कोणी जुना हब स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. या यंत्रांना जोडणारी तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते.

जांभा दगडाच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय पोहोचत नसेल तर काय करावं? रिपीटर मिळतो. तो मिळालेला संकेत पुढे पाठवतो. पण जिथे रेंजच नाही त्या खोलीत तो लावून उपयोग नाही. राउटर आणि ती खोली यांच्या मधे, रेंज चांगली असेल तिथे लावा. साध्या रिपीटरने वेग बराच कमी होतो. त्यापेक्षा लॅन केबल ओढून पलीकडे ॲक्सेस पॉइंट बसवणं चांगलं.

आता नेट गेलं तर क्रमाने बघा:

१. ओएनटीवर 'एलओएस'चा लाल दिवा लागलाय का? मग बाहेरून प्रकाशच येत नाही. कंपनीला फोन करा. नवा राउटर आणून काही होणार नाही.

२. दिवे ठीक आहेत, तर लॅपटॉप लॅन केबलने जोडा. चाललं तर दोष वायफायचा. तसंही चाललं नाही तर डबा एकदा बंद-चालू करा, मग कंपनीला सांगा.

३. एकाच मोबाईलवर बंद आणि बाकीच्यांवर चालू? दोष त्या मोबाईलचा.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार करा. २२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. वीज आणि मोबाईल दोन्ही गेल्याने माणसांचा संपर्क तुटला होता. त्यामुळे हे डबे जमिनीलगत ठेवू नका, उंचावर बसवा. विजा कडाडत असतील तर त्यांचे प्लग काढा. दोन घरांमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका, वीज पडल्यास तिच्यातून झटका घरात येऊ शकतो. वीज गेल्यावर थोडा वेळ नेट हवं असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. मात्र कंपनीचीच यंत्रणा बंद असेल तर तोही कामाचा नाही.

आणखी एक काम आजच करा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टीने मराठीत किंवा उर्दूत नाव लिहा आणि बाजूला कंपनीचा तक्रार क्रमांक. घरचा कर्ता पुरुष परदेशात असला तरी मग अम्मी किंवा शाळकरी मुलगीसुद्धा फोनवर ठामपणे सांगू शकेल, "ओएनटीवर लाल दिवा आहे, माणूस पाठवा."